आळ टॉवरवर

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत गच्चीवरच्या टॉवरचा विषय निघाला की सभेला रंग चढतो. खालच्या मजल्यांवरचे म्हणतात, भाडं येतंय, मेंटेनन्स वाढत नाही, राहू द्या की. वरचे म्हणतात, रेडिएशन आमच्या डोक्यावर आणि पैसे सगळ्यांच्या खात्यात, हा कुठला न्याय? दोन वर्षांपूर्वीच्या सभेत हे सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असताना तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. एरवी त्या चहा येईपर्यंत तोंड उघडत नाहीत. "माणसांचं तुम्ही काय ते बघा," त्या म्हणाल्या, "पण टॉवर आला आणि चिमण्या गेल्या. मी डोळ्यांनी पाहिलंय." यावर कोणालाच काही सुचेना. चेअरमननी विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि चहा मागवला.

काकू खोटं बोलत नव्हत्या. टॉवर आला हे खरं, चिमण्या गेल्या हेही खरं, आणि दोन्ही याच क्रमाने झालं. पण त्याच चार-सहा वर्षांत आमच्या गल्लीत आणखीही बरंच काही झालं होतं. कोपऱ्यावरचा वाणी पोत्यांची तोंडं उलगडून ठेवायचा, सांडलेल्या कणीवर चिमण्यांची पंगत बसायची. ते दुकान जाऊन तिथे काचेच्या दरवाजाचं सुपरमार्केट आलं. शेजारचा कौलारू वाडा पडला. कंपाउंडच्या कडेची मेंदी उपटून पेव्हर ब्लॉक बसवले, कारण मेंदीत डास होतात असा ठराव झाला होता (सूचक मीच होतो, हे इथे नोंदवलेलं बरं). घराघरांत सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या आणि भिंतीवरच्या, थोड्या पुढे झुकलेल्या तसबिरी गेल्या. त्या तसबिरींमागे पूर्वी हमखास काड्यांचा पसारा असायचा. हे सगळं हळूहळू आणि खालच्या खाली झालं. टॉवर मात्र उंच होता, त्यामुळे तो सगळ्यांना दिसला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. इथे कावळा टॉवरवर बसलाय, एवढाच फरक. पण म्हण फेकून काकूंना गप्प करणं काही खरं नाही. म्हणून मी शोधनिबंध वाचायला बसलो. दोन वर्षं अधूनमधून वाचत राहिलो आणि शेवटी जिथे पोचलो ते ठिकाण काकूंना आणि टॉवरवाल्यांना, दोघांनाही फारसं सोयीचं नाही.

चिमणीपासून सुरुवात करू. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स या बागेत मॅक्स निकल्सन यांनी १९२५ साली चिमण्या मोजल्या. त्या भरल्या २६०३. पुढे १९४८ मध्ये मोजल्या तेव्हा ८८५ होत्या. १९७५ मध्ये ५४४. आणि २००० साली ८. आठशे नव्हे, आठ. हा उतरता आलेख पाहिला की पहिली उडी डोळ्यांत भरते. पहिल्या २३ वर्षांतच दोन तृतीयांश चिमण्या संपल्या होत्या, आणि ब्रिटनमध्ये मोबाइल सेवा सुरू झाली १९८५ साली. पहिल्या घसरणीचं कारण पक्षितज्ज्ञांनी शोधलं ते साधं आहे. रस्त्यावरून घोडे गेले. घोड्याच्या तोबऱ्यातून सांडणारे ओट आणि लिदीतून पडणारे न पचलेले दाणे, यांवर शहरी चिमणी पोसली जात होती. मोटार आली, दाणा गेला. म्हणजे एका नव्या यंत्रानेच चिमणीचा घास काढून घेतला, पण लहरींनी नव्हे.

नंतरच्या घसरणीचं कोडं जास्त किचकट आहे. 'द इंडिपेंडंट' या वृत्तपत्राने २००० साली चिमण्या का गेल्या याचं शास्त्रीय उत्तर देणाऱ्याला ५००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं, इतकं ते गाजलं. लेस्टर शहरात केट व्हिन्सेंट यांनी घरट्यांमधल्या पिल्लांचा अभ्यास केला, तेव्हा पिल्लं घरट्यातच उपाशी मरताना दिसली. मोठी चिमणी दाण्यावर जगते, पण पिल्लाला पहिले काही दिवस दाणा चालत नाही. त्याला मावा, अळ्या, कोळी असं मऊ मांसान्न लागतं. ते कुठे मिळतं? गवतात, झुडपांत, कुंपणाच्या मेंदीत. आपण बाल्कनीत मातीचं घरटं टांगतो, वाटीत तांदूळ ठेवतो, फोटो काढून ग्रुपवर टाकतो आणि खालच्या बागेत माळी औषध मारत असतो.

भारतात काय झालं? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात हजारो पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यातून दिसलं ते असं की देशभराचा विचार केला तर चिमणी त्याआधीच्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर होती. कमी झाली ती मुंबईसारख्या महानगरांत. मोबाइल टॉवरच्या किरणोत्सर्गामुळे चिमण्या घटल्या, या समजाला सध्याच्या पुराव्याचा आधार नाही, असंही त्या अहवालाने स्पष्ट लिहिलं. टॉवर आता वाडीवस्तीपर्यंत पोचलेत. चिमण्या टॉवरने मरत असत्या तर खेड्यांतही आकडा पडायला हवा होता.

मग उलट बाजूचे अभ्यास नाहीत का? आहेत, आणि ते दडवण्यात अर्थ नाही. बेल्जियममध्ये योरिस एव्हराएर्ट आणि डर्क बाउवेन्स यांनी सहा निवासी भागांतल्या १५० ठिकाणी चिमणे मोजले आणि लहरींची तीव्रता मोजली. तीव्रता जास्त तिथे चिमणे कमी, असं २००७ साली छापून आलं. स्पेनमधल्या वायादोलिद शहरात आल्फोन्सो बालमोरी यांनी पांढऱ्या करकोच्यांची घरटी पाहिली. अँटेनापासून २०० मीटरच्या आत दर घरट्यामागे सरासरी ०.८६ पिल्लं, ३०० मीटरच्या पलीकडे १.६. आकडे बोलके आहेत, पण ते एकच गोष्ट बोलतात असं नाही. टॉवर कुठे उभा राहतो? जिथे माणसं दाटीने राहतात तिथे. जिथे दाटी तिथे सिमेंट जास्त, झुडपं कमी, किडे कमी. मग पिल्लं कशामुळे कमी झाली, लहरींनी की सिमेंटने? हे वेगळं काढायचं तर टॉवर चालू-बंद करून पाहायला हवं. बेल्जियमच्या संशोधकांनी स्वतःच आपल्या अभ्यासाला प्राथमिक म्हटलं होतं. तो शब्द मथळ्यापर्यंत पोचत नाही.

मथळ्यांचं आणि सिनेमाचं काय सांगावं! २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये शंकर यांचा '२.०' आला. त्यात अक्षय कुमारने रंगवलेला पक्षिराजन टॉवरला लटकून जीव देतो आणि मोबाइलांचा महाकाय पक्षी होऊन सूड घेतो. पक्षितज्ज्ञ सलीम अलींची आठवण करून देणारं ते रूप. खरे सलीम अली १९८७ मध्ये गेले, म्हणजे भारतातला पहिला मोबाइल कॉल लागण्याच्या आठ वर्षं आधी. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीमुळे ते पक्ष्यांकडे वळले, ही गोष्ट मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत अजून सांगतात. सिनेमा आला त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या एका बागेत तीनशेहून अधिक स्टार्लिंग (आपल्या साळुंकीचे भाऊबंद) मरून पडले आणि फाइव्ह-जीच्या चाचणीने मेले अशी बातमी जगभर फिरली. पक्षी मेले ऑक्टोबरअखेरीस. त्या परिसरातली चाचणी झाली होती जून महिन्यात, एका दिवसापुरती. आमच्या फॅमिली ग्रुपवर ती बातमी मला तीन वेळा आली. तिसऱ्या वेळी पाठवणारे मामा होते, त्यामुळे खुलासा करायची सोय नव्हती.

मधमाश्यांची गोष्टही अशीच, पण तिच्यात एक भारतीय प्रयोग आहे. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात वेद प्रकाश शर्मा आणि नीलिमा कुमार यांनी मधमाश्यांच्या पेटीच्या आत, बाजूच्या भिंतींना दोन मोबाइल लावले आणि त्यांच्यात कॉल चालू ठेवला. दिवसातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून दोन दिवस, फेब्रुवारी ते एप्रिल. राणीमाशीचं अंडी घालणं निम्म्याहूनही खाली आलं, बाहेर गेलेल्या माश्या कमी परतल्या, शेवटी पोळ्यात मध उरला नाही. २०१० साली हे 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं आणि देशभर गाजलं. पण वसाहती किती होत्या? एकूण चार. दोन मोबाइलवाल्या, एक नकली मोबाइलची, एक तशीच. चार पेट्यांवरून निदान करायचं म्हणजे चार भावांवरून गावाची उंची सांगण्यासारखं आहे. शिवाय पेटीच्या आत चालू फोन ठेवणं आणि शेतापासून पाव मैलावर टॉवर असणं यांत फार मोठं अंतर आहे. तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, हे शाळेत शिकतो आणि बातमी वाचताना विसरतो.

त्याआधी २००७ मध्ये जर्मनीतल्या लांडाउ इथल्या एका छोट्या प्रयोगाची अशीच वाट लागली होती. संशोधकांनी पेटीत ठेवला होता घरगुती कॉर्डलेस फोनचा बेस. वृत्तपत्राने छापलं, मोबाइलमुळे मधमाश्या नाहीशा होतायत. सोबत मधमाश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, हे आइनस्टाइनच्या नावावर खपवलेलं वाक्य. आइनस्टाइन असं कुठे म्हणाले याचा कोणालाच पत्ता लागलेला नाही.

इथपर्यंत वाचून टॉवर कंपनीचा माणूस खूश झाला असेल. त्याने थोडं थांबावं, कारण आता ओल्डेनबर्ग येतंय.

उत्तर जर्मनीतलं हे विद्यापीठाचं शहर. तिथे हेन्रिक मॉरिट्सेन पक्ष्यांच्या चुंबकीय होकायंत्राचा अभ्यास करतात. युरोपियन रॉबिन हा पंधरा-वीस ग्रॅमचा, तांबूस छातीचा पक्षी (आपल्या दयाळाला इंग्रज रॉबिन म्हणाले, ते साम्य वरवरचं) रात्री स्थलांतर करतो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखतो. हे १९६० च्या दशकात फ्रांकफुर्टमध्ये वोल्फगांग विल्टश्को यांनी दाखवून दिलं. तपासायची रीत फार सुंदर आहे. स्थलांतराचे दिवस आले की पिंजऱ्यातला पक्षीही रात्री अस्वस्थ होतो, जायचंय त्या दिशेला झेपा घेतो. त्याला नरसाळ्यासारख्या भांड्यात ठेवायचं, आतून ओरखडे उमटतील असा कागद लावायचा. तासाभराने पक्षी काढून कागद उलगडायचा. ओरखडे एका बाजूला दाटलेले असले की कळतं, याला कुठे जायचंय. वसंतात उत्तरेकडे, शरदात दक्षिणेकडे.

ओल्डेनबर्गमध्ये मात्र ओरखडे चहूकडे सारखे पडत. आवारातल्या लाकडी, बिनखिडक्यांच्या खोपटांत हीच पाखरं, हीच भांडी, पण दिशा लागेना. खाणं बदललं, उजेड बदलला, भांडी बदलली. दोन-तीन वर्षं अशी गेली. मग गटातल्या निल्स-लासे श्नायडर या संशोधकाने सुचवलं की खोपटाला आतून ॲल्युमिनियमचे पत्रे लावू आणि अर्थिंग करू. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र पत्र्यातून आरपार जातं, रेडिओ लहरी मात्र अडतात. पत्रे लावले, अर्थिंग जोडलं, आणि पक्ष्यांना उत्तर सापडली. अर्थिंगची वायर काढली की पुन्हा भरकटले. जोडली की पुन्हा सरळ. पत्र्याच्या आत मुद्दाम लहरींचा गोंगाट सोडला की पुन्हा हरवले. गावाबाहेर, शहरापासून दूर नेलं तर पत्र्याशिवायही दिशा बरोबर.

एवढ्यावर मॉरिट्सेन यांचाच विश्वास बसला नाही. त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलल्या, गोंगाट चालू आहे की बंद हे प्रयोग करणाऱ्यालाही कळू दिलं नाही, सात वर्षं तेच तेच करून पाहिलं. स्वेन्या एंगेल्स यांच्यासह ते २०१४ च्या मे महिन्यात 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. मी वाचलेल्या या सगळ्या ढिगात हा एकच निबंध असा आहे, ज्यापुढे नाक मुरडायला जागा सापडत नाही.

आता गंमत बघा. पक्ष्यांना भरकटवणारा तो गोंगाट मोबाइलचा नव्हताच. तो होता ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला, म्हणजे मध्यम लहरींचं रेडिओ प्रसारण आणि शहरातली असंख्य विजेची उपकरणं यांची सरमिसळ. पुणे आकाशवाणी ज्या ७९२ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षं ऐकली, तोही याच पट्ट्यातला आकडा. अपराधी कुठलं एक स्टेशन नव्हे, एकत्रित कोलाहल, हे खरं. पण सोसायटीच्या सभेत कोणी उठून 'आजोबांचा रेडिओ बंद करा' म्हटल्याचं मला आठवत नाही.

असं का होतं याचं उत्तर पक्ष्याच्या डोळ्यात आहे. पडद्यावरच्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनावर निळा उजेड पडला की इलेक्ट्रॉन जागा बदलतो, दोन एकाकी इलेक्ट्रॉनांची जोडी तयार होते आणि तिचं नाचणं पृथ्वीच्या क्षेत्राच्या कलानुसार बदलतं. २०२१ मध्ये ओल्डेनबर्ग आणि ऑक्सफर्डच्या गटांनी रॉबिनचं असं एक प्रथिन प्रयोगशाळेत चुंबकाला प्रतिसाद देताना दाखवलं. रॉबिनला उत्तर बहुधा अक्षरशः दिसते. या यंत्रणेला रेडिओ लहरींचा त्रास कुठपर्यंत होईल याचं गणित मांडता येतं. त्याच गटाने ब्लॅककॅप नावाच्या पक्ष्यावर ते तपासलं. ७५ ते ८५ मेगाहर्ट्झला पक्षी भरकटतात, १४० ते १५० ला नाही. आपले मोबाइल ७०० मेगाहर्ट्झच्या वर चालतात. म्हणजे निदान होकायंत्राच्या बाबतीत तरी टॉवर सुटला.

निर्दोष सुटला का, हा प्रश्न मात्र वेगळा. ओल्डेनबर्गने जे खरं हलवलं ते टॉवरला नव्हे, आपल्या मोजपट्टीला. माणसाला सुरक्षित म्हणून ठरवलेल्या मर्यादेच्या कितीतरी खाली असलेल्या लहरी एका पाखराची दिशा घालवू शकतात. आपल्या मर्यादा ठरल्या त्या ऊब मोजून, किती तीव्रतेला माणसाचं अंग तापतं यावरून. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून त्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणल्या. ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरला ४.५ वॉटऐवजी ०.४५ वॉट. चांगलं केलं. पण एक दशांश कशाचा? माणसाच्या उबेचा. तेरा-चौदा सेंटिमीटरच्या पाखराला नि दीड सेंटिमीटरच्या माशीला हाच गज. आर्नो थिलेन्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली संगणकावर मधमाशीचं प्रारूप घेऊन दाखवलं की लहरींतला फक्त दहा टक्के भाग ३ गिगाहर्ट्झच्या वर सरकला तर माशीच्या अंगात शोषली जाणारी ऊर्जा चार-पाच पटींनी वाढते, कारण तरंगलांबी तिच्या अंगाच्या मापाजवळ येते. फाइव्ह-जीचा एक मुख्य पट्टा ३.३ गिगाहर्ट्झचा आहे. त्याने माशीचं काही बिघडतं का? हे शेतात, पुरेशा पेट्या घेऊन तपासायला हवं. आपल्याकडे सातेरी आणि आग्या माश्या आहेत, तज्ज्ञ आहेत, टॉवर तर गावोगाव आहेत.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये एक समिती नेमली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे संचालक असद रहमानी तिचे अध्यक्ष. समितीने नऊशेहून अधिक शोधनिबंध चाळले, त्यांतल्या सहाशेच्या आसपास निबंधांत परिणाम दिसला, आणि पेपरांनी तेवढंच उचललं. पण त्या ढिगात बहुतेक निबंध माणसांवरचे आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरचे. पक्ष्यांवरचे जेमतेम तीसच्या घरात, मधमाश्यांवरचे दहासुद्धा नाहीत. भारतातले तर बोटांवर मोजण्याइतके. त्या अहवालातली महत्त्वाची ओळ हीच होती, की आपल्याकडे दीर्घकाळचा अभ्यासच नाही. समितीच्या शिफारशींवरून मंत्रालयाने २०१२ मध्ये एक सूचना काढली, की जुन्या टॉवरपासून एक किलोमीटरच्या आत नवा टॉवर नको. आमच्या गच्चीवरून आज उभ्या उभ्या अकरा टॉवर मोजता येतात.

टॉवरच्या एका गुन्ह्याबद्दल मात्र वाद नाही. अमेरिका आणि कॅनडात दरवर्षी सुमारे ६८ लाख पक्षी दळणवळणाच्या उंच मनोऱ्यांवर आणि त्यांना ताणून धरणाऱ्या तारांवर आपटून मरतात, असा अंदाज ट्रॅव्हिस लाँगकोर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडला. ढगाळ रात्री स्थिर जळणाऱ्या लाल दिव्याभोवती स्थलांतरी पक्षी घिरट्या घालत राहतात आणि तारांत सापडतात. उपाय? स्थिर दिव्याऐवजी उघडझाप करणारा दिवा. एवढ्याने मरणारे पक्षी निम्म्याहून कमी होतात, हे मिशिगनमध्ये मोजून पाहिलंय. आपले टॉवर बहुतेक बुटके आणि बिनतारांचे, त्यामुळे हा आकडा उचलून इथे लावता येत नाही. पण दिवा बदलायला कोर्टात जावं लागत नाही, सिनेमा काढावा लागत नाही. म्हणूनच बहुधा त्याबद्दल कोणी बोलत नाही.

यंदाच्या सभेत मी काकूंना यातलं थोडं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या मीटरच्या पेटीमागच्या चिमण्यांचं काय झालं?" तळमजल्यावर मीटरच्या पेटीमागे, पाइप आत शिरतो तिथे मुठीएवढं भोक होतं. आमच्या आवारातली शेवटची जोडी तिथे राहायची. मेमध्ये रंगकाम निघालं, तेव्हा कामगारांनी सगळी भोकं सिमेंटने लिंपली. करारात तसं लिहिलं होतं, आणि कराराचा मसुदा कमिटीने, म्हणजे आम्हीच, मंजूर केला होता. टॉवर अजून गच्चीवर आहे.

तुमच्याकडे दिवाळीनंतर रंगाचं काम निघणार असेल तर मुकादमाला एवढं सांगा, की पाइपामागची, मीटरमागची भोकं बुजवण्याआधी आत काडी-कापूस दिसतो का ते बघ. आतून चिवचिव येत असेल तर तेवढं भोक शेवटी घे. अंड्यातून बाहेर आलेली पिल्लं साधारण पंधरा दिवसांत उडून जातात.